जागेची मारामारी: मुंबईच्या खडपावर उभं राहून अंटार्क्टिकाचा समुद्रतळ कसा वाचायचा

मुंबईत जागा म्हणजे काय हे कोणाला समजवावं लागत नाही. विरारला गाडीत चढलेला माणूस दादरपर्यंत सीट का सोडत नाही हे लहान पोरालाही कळतं. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून जगणाऱ्या प्राण्यांचं अगदी असंच असतं. खाणं पाण्याबरोबर वाहत येतं, त्याची तेवढी ओढाताण नाही, पण बूड टेकवायला दगड लागतो आणि दगड मोजकेच असतात, एकदा चिकटलं की उठून दुसरीकडे जाता येत नाही, मग शेजाऱ्याच्या अंगावर चढायचं नाहीतर त्याच्या खाली गाडलं जायचं, एवढंच उरतं.

मी काही वर्षं कॉलेजच्या मुलांना घेऊन ओहोटीला खडपावर, म्हणजे उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, जाते. ध्रुवाकडचा समुद्र गरम होतोय असं म्हटलं की मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात, मॅडम मग किती प्राणी मरणार? मला दरवेळी वाटतं की आपण शेवटचं पान आधी उघडतोय. मरायच्या खूप आधी कोण कोणाला ढकलतंय हे बदलतं, आणि ते दिसतं दोन प्राणी जिथे एकमेकांना टेकतात त्या कडेवर. ती कड वाचायला शिकलात की अंटार्क्टिकाच्या समुद्रात प्लेटा गरम करून केलेला प्रयोग (पायरी ६) वाचताना नुसते आकडे दिसत नाहीत, खडक दिसतो. म्हणून हा लेख. प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, किंवा असंच कुतूहल असलेलं कोणीही, क्रमाने करत जा. लागणार काय तर मोबाईल, पीव्हीसी पाईप, सुतळी आणि वही.

पायरी १: आधी तिकडचं पाणी डोक्यात बसवा

खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली असतो, साधारण उणे 1.9 अंश. अंटार्क्टिक पेनिन्सुलाजवळ ॲडलेड बेटावर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचं रोथेरा स्टेशन आहे, तिथल्या उथळ समुद्राचं तापमान हिवाळ्यात या गोठणबिंदूला टेकतं आणि उन्हाळ्यात जेमतेम शून्याच्या वर एखाद-दीड अंश जातं. म्हणजे अख्ख्या वर्षाचा चढउतार तीन अंशांच्या आसपास. आपल्या मुंबईच्या समुद्राचं वरचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत 24-25 अंश आणि मे महिन्यात 30 पर्यंत, म्हणजे चढउतार त्याच्या जवळपास दुप्पट. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक अंश वाढ म्हटलं की आपल्याला ती किरकोळ वाटते, पण ज्या प्राण्याने लाखो वर्षं तीन अंशांच्या खोलीत संसार केलाय त्याच्यासाठी एक अंश म्हणजे खोलीचा एक तृतीयांश भाग.

दुसरी गोष्ट वेगाची. तिकडे सगळं अतिशय हळू वाढतं. मुंबईत एखादी फळी पाण्यात टाकली तर काही आठवड्यांत तिच्यावर बार्नेकलचा, म्हणजे चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्यांचा, थर बसतो, तिकडे तेवढं व्हायला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. आता जिथे सगळेच हळू चालतायत तिथे एखाद्याचा वेग थोडा जरी वाढला तरी तो इतका पुढे निघून जातो की बाकीचे पोचेपर्यंत जागाच उरत नाही.

पायरी २: ओहोटी बघून खडपावर जा

भरती-ओहोटीचं टेबल मोबाईलवर मिळतं. ओहोटीची उंची 0.5 मीटरच्या खाली दाखवत असेल तो दिवस निवडा, असे दिवस अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास, त्यातही एक-दोन दिवस पुढे जास्त मिळतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवशी जाऊ नका, खडप नीट उघडंच पडत नाही. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं, फोटो राहिले तरी निघायचं. पावसाळ्यात अजिबात नाही. ग्रिप असलेले बंद बूट घाला, शेवाळावर सगळेच घसरतात. हाताने काही उचलू नका कारण आपल्या किनाऱ्यावर विषारी कोन शंखही आहेत आणि दगडासारखे दिसणारे काटेरी मासेही. आणि प्रवाळ दिसलं तर फक्त फोटो, कडक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातलं संरक्षण आहे.

जुहू, कार्टर रोड, हाजी अली, कुठेही चालेल, खडक बसाल्टचा असला आणि लाटा अंगावर येत नसल्या म्हणजे झालं.

खारदांड्याकडे एक मावशी कालवं फोडायला येतात, त्यांनी मला जे एका वाक्यात सांगितलं ते पुस्तकात शोधायला मला दोन महिने लागले असते. म्हणाल्या, "नव्या दगडावर पयली ही पांढरी खपली बसते गो, मग मागून कालव येतं, आनि दगड उलटला का परत पयल्यापासून." पांढरी खपली म्हणजे बार्नेकल. पहिला येणारा एक, टिकणारा दुसरा, आणि दगड उलटला की सगळा डाव पुन्हा मांडायचा. हे तीन शब्द, पहिला, टिकणारा, उलटला, लक्षात ठेवा, पुढे अंटार्क्टिकात हेच लागणार आहेत, फक्त तिकडे दगड लाट उलटवत नाही, हिमनग येऊन तळ खरवडून काढतो.

पायरी ३: चौकट टाका

पीव्हीसी पाईपची 25 बाय 25 सेंटीमीटरची चौकट करा. दर 5 सेंटीमीटरवर सुतळी बांधा, चार आडव्या चार उभ्या. सुतळ्या एकमेकींना 16 ठिकाणी छेदतात. चौकट खडकावर ठेवायची, बरोबर वरून फोटो काढायचा, सावली पडू द्यायची नाही. मग घरी बसून प्रत्येक छेदाच्या खाली काय आहे ते लिहायचं: बार्नेकल, कालव, स्पंज, झोअँथिड (समुद्रफुलासारख्या प्राण्यांची वसाहत), ट्यूब वर्म (नळीत राहणारा किडा), शेवाळ, रिकामा दगड. एका जागी दहा चौकटी टाकल्या की 160 बिंदू होतात, त्यावरून कोणी किती टक्के जागा धरलीय ते निघतं.

चौकट कुठे टाकायची हे डोळ्यांनी निवडू नका. सुंदर दिसणाऱ्या ठिकाणी हात आपोआप जातो आणि सगळा हिशोब तिथेच वाकडा होतो. खडपावर एक दोरी सरळ टाका आणि दर दोन मीटरवर चौकट ठेवा, मध्ये काहीही येवो.

पायरी ४: कड वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि इथेच सगळे घाई करतात, म्हणून जरा थांबून सांगते.

चौकटीतल्या फोटोत जिथे जिथे दोन वेगळे प्राणी एकमेकांना टेकलेत तिथे झूम करा आणि तीनपैकी एक निकाल लिहा. एकाची जिवंत कड दुसऱ्याच्या अंगावर चढलेली आहे, तर वरचा जिंकला. दोघांच्या कडा एकमेकांसमोर भिंतीसारख्या उभ्या राहिल्यात, कोणीच चढलं नाही, तर बरोबरी. आणि तिसरं, काही ठिकाणी एकाची कड डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असते, तीही बरोबरीतच धरा पण शेजारी खूण करा.

फसायला होतं ते असं. वरचा दिसतोय म्हणून तो जिंकलाच असं नाही, खालचा आधीच मेला असेल आणि रिकाम्या कवचावर वरच्याने नुसतं घर केलं असेल, बार्नेकलच्या बाबतीत हे फार होतं. म्हणून बार्नेकलच्या तोंडावरचं झाकण शाबूत आहे का ते बघा, नसेल तर ती लढत धरायची नाही. स्पंजची कड ताजी असली की पातळ आणि चमकदार दिसते, मागे सरकत असली की कडेला पांढरट मेलेला पट्टा दिसतो. एकाच फोटोवर फार विश्वास नको, तीच कड महिन्याभराने परत बघा. जागा परत सापडायला खडकावर रंग वगैरे मारू नका, मोठी भेग, खळगा, टोक अशा नैसर्गिक खुणा टिपून ठेवा.

मग वहीत तक्ता करा. आडव्या ओळीत सगळे प्राणी, उभ्या ओळीत पण तेच, प्रत्येक चौकोनात कोण किती वेळा जिंकलं. पन्नास-साठ लढती झाल्या की एक उतरंड दिसायला लागते, कोण जवळपास सगळ्यांवर चढतं, कोण कायम खाली जातं. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे डेव्हिड बार्न्स यांनी असेच तक्ते जगभरच्या किनाऱ्यांवर केलेत, आणि 2002 मध्ये त्यांनी मांडलं की ध्रुवाकडे जावं तशी ही भांडणं जास्त एकतर्फी होत जातात. म्हणजे आपल्याकडे निकाल बराच वेळा इकडेतिकडे होतो, तिकडे मात्र जो जिंकतो तो जवळपास नेहमीच जिंकतो. अशा ठिकाणी उतरंडीतली एक जागा हलली तरी खालचं सगळं हलतं.

पायरी ५: नुसत्या जाती मोजू नका

"किती जाती आहेत" हा आकडा सगळ्यांना आवडतो आणि तोच सगळ्यात उशिरा बदलतो. एक साधं गणित करा. समजा एका दगडावर चार प्राणी आहेत आणि त्यांनी 40, 30, 20, 10 टक्के जागा धरलीय. प्रत्येकाचा वाटा दशांशात घेऊन वर्ग करा, बेरीज करा: 0.16, 0.09, 0.04, 0.01, एकूण 0.30. ती एकातून वजा केली की 0.70. आता दुसऱ्या दगडावर चारच प्राणी पण वाटे 85, 5, 5, 5. वर्गांची बेरीज 0.73, वजा करून उरले 0.27. जाती दोन्हीकडे चारच. पण दुसऱ्या दगडावर एकाने सगळी चाळ बळकावलीय आणि बाकीचे जिन्याखाली राहतायत. याला सिम्पसन इंडेक्स म्हणतात. नावाला घाबरू नका, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ६: आता रोथेराचा प्रयोग वाचा

आता तुमच्या हातात डोळाही आहे आणि गणितही. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या गेल ॲश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोथेराजवळ, साधारण 15 मीटर खोल समुद्रात प्लेटा ठेवल्या. काही प्लेटा तशाच, काहींच्या आत वीज खेळवून पृष्ठभागालगतचा पाण्याचा पातळ थर एक अंशाने गरम ठेवलेला, काही दोन अंशांनी. विजेची केबल किनाऱ्यावरून, पाहणी करायला पाणबुडे, बर्फाखाली सुद्धा. मला या प्रयोगाबद्दल मनापासून आदर आहे, कारण त्याआधीची बहुतेक माहिती टाकीत प्राणी ठेवून आणि तापमान भराभर वाढवून मिळालेली होती. इथे खऱ्या समुद्रात, खऱ्या अळ्या, म्हणजे या प्राण्यांची पाण्यात तरंगणारी पिल्लं, आपापल्या येऊन चिकटल्या आणि नऊ महिने वाढल्या. निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले.

एक अंशाच्या प्लेटांवर काय झालं? फेनेस्ट्रुलिना रुगुला नावाचा एक ब्रायोझोअन आहे. ब्रायोझोअन म्हणजे अतिसूक्ष्म जीवांची वसाहत, प्रत्येकाची स्वतःची डबी, सगळ्या डब्या चिकटून दगडावर जाळीदार पांढरट खपली पसरते. हा मावशींच्या भाषेतला "पयला", रिकाम्या जागेवर धावत येणारा. एक अंशाने त्याची वाढ जवळपास दुप्पट झाली, आणि दोन महिन्यांच्या आत त्याने प्लेटांवर इतकी जागा घेतली की विविधता आणि समतोल दोन्ही घसरले. आपल्या गणितात 0.70 चा दगड 0.27 कडे सरकला असं समजा, हे आकडे त्यांचे नाहीत, माझ्या उदाहरणाचे आहेत. रोमानचेला पेरिएरी नावाचा गोल वेटोळ्याच्या नळीत राहणारा छोटा किडा पण गरम प्लेटांवर सरासरी 70 टक्के मोठा झाला.

इथे परत कडेचा विचार करा. फेनेस्ट्रुलिनाने कोणाला मारलं नाही. त्याला ऊबही सगळ्यांइतकीच मिळाली. पण त्या उबेचा फायदा प्रत्येकाला सारखा होत नाही, एकाची वाढ दुप्पट झाली आणि शेजाऱ्याची थोडीशीच वाढली तरी ज्या कडेवर दोघं आठव्या महिन्यात भेटणार होते तिथे एक चौथ्याच महिन्यात येऊन बसतो. शेजाऱ्याचं शरीर ठणठणीत आहे, थर्मामीटरच्या हिशोबाने त्याला काही झालेलं नाही, फक्त पसरायला जागा नाही.

दोन अंशांच्या प्लेटांवर चित्र इतकं सरळ नव्हतं. काही जाती वाढल्या, काही मागे पडल्या, वय आणि ऋतूप्रमाणे निकाल बदलत गेले. म्हणून "एक अंशाला एवढं तर दोन अंशांना दुप्पट" असं कोणी ठोकून देत असेल तर तिथे थांबवा.

पायरी ७: बाजूचे तीन धक्के जोडा

तापमान एकटं येत नाही. एक तर हिमनग. हिवाळ्यात समुद्र गोठला की हिमनग त्या बर्फात अडकून राहतात, बर्फ कमी दिवस टिकला की ते मोकळे फिरतात आणि उथळ तळ जास्त वेळा खरवडतात. बार्न्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये रोथेराजवळच्या दगडांवर हेच दाखवलं, खरवड वाढली, जागेच्या लढती साध्या आणि एकसुरी झाल्या, आणि जिकडेतिकडे तोच फेनेस्ट्रुलिना. बघा म्हणजे, एकीकडे दगड वारंवार उलटतोय आणि दुसरीकडे ऊब त्याच पहिल्या येणाऱ्याचा वेग वाढवतेय, दोन्ही धक्के एकाच दिशेने. टिकणाऱ्यांना आपली पाळी यायच्या आत डाव मोडतो.

दुसरा धक्का उजेडाचा, आणि त्यासाठी उत्तर ध्रुवाकडे जाऊ. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवर, कोंग्सफियोर्ड या खाडीच्या काठावर न्यू-ओलेसुंदला आपलं भारताचं हिमाद्री स्टेशन आहे, 2008 पासून. त्याच कोंग्सफियोर्डमध्ये तीस वर्षं एकाच जागेचे फोटो काढले गेले, आपल्या चौकटीसारखेच. समुद्री बर्फ कमी झाल्याने तळापर्यंत जास्त उजेड पोचायला लागला आणि 1995 च्या सुमारास मोठ्या शेवाळाने धरलेली जागा एकदम पाचपट झाली, स्वालबार्डच्याच स्मीरेनबर्गफियोर्डमध्ये 2000 साली आठपट. हळूहळू नाही, एकदम. जिथे समुद्रफुलं आणि इतर प्राणी होते तिथे शेवाळ. फोटो तीस वर्षांचे नसते तर हे कोणाला कळलंच नसतं.

तिसरा धक्का चालत्याफिरत्या प्राण्यांचा. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या लॉयड पेक यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं की अंटार्क्टिकातली लॅटर्न्युला शिंपली उकरून काढली तर परत गाळात पुरून घेते, पण पाणी 2.5 अंशांच्या आसपास गेलं की अर्ध्या शिंपल्यांना ते जमत नाही, आणि तिथला स्कॅलॉप (पोहणारी शिंपली) 2 अंशांनाच पोहणं सोडतो. तिथली लिम्पेट (टोपीच्या आकाराची गोगलगाय) पण उलटी पडली तर गरम पाण्यात सरळ होऊ शकत नाही. लिम्पेट खडक चरत फिरते, नवीन चिकटलेल्यांना खरवडते. ती मंदावली तर कडेवरच्या भांडणातला पंचच गेला.

आणि बाहेरून येणारे आहेतच, निळी शिंपली स्वालबार्डला सुमारे हजार वर्षांनी परत आलेली 2004 मध्ये सापडली.

पायरी ८: स्वतःच्या प्लेटा, आणि दुसऱ्याचा प्रयोग तपासणं

जमलं तर प्लेटा टांगा. 15 बाय 15 सेंटीमीटरची पीव्हीसी शीट, सँडपेपरने खरखरीत केलेली, नायलॉन दोरी, खाली विटेचं वजन, सर्वात खालच्या ओहोटीच्याही मीटरभर खाली राहील अशी. जेट्टीवर परवानगीशिवाय काही बांधू नका, मुंबईत बंदरं आणि नौदलाचा परिसर आहे, स्थानिक मच्छीमार सोसायटीशी आधी बोला, कॉलेजचं पत्र जवळ ठेवा. किमान चार प्लेटा, एका प्लेटवरून काहीच सिद्ध होत नाही. दर पंधरा दिवसांनी वर काढा, समुद्राच्याच पाण्याच्या बादलीत ठेवून फोटो काढा, उन्हात पाच मिनिटांच्या वर नको. एका जागेची प्लेट दुसऱ्या जागी कधीच नेऊ नका. कॅरिबियन भागातली मायटिलॉप्सिस सॅलेई शिंपली अशीच जहाजांबरोबर मुंबईच्या गोद्यांत पोचलेली आहे.

घरी समुद्र गरम करता येत नाही, पण जानेवारीत टांगलेल्या आणि एप्रिलमध्ये टांगलेल्या प्लेटांची तुलना करता येते. फक्त निष्कर्ष लिहिताना जपा. जानेवारी आणि एप्रिलमध्ये तापमानाबरोबर अळ्यांचा हंगाम, गढूळपणा, खाणं, सगळंच बदलतं. रोथेराच्या प्रयोगाची ताकद नेमकी इथे आहे, शेजारशेजारच्या प्लेटा, पाणी तेच, फरक फक्त उबेचा.

पण त्याच प्रयोगाला पण हे प्रश्न विचारायला शिका, मुलांना मी हे वहीत लिहायला लावते. किती दिवस चालला? नऊ महिने, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्यांचीच गोष्ट कळली, दशकभर टिकणाऱ्यांची नाही. कुठे? एका खाडीत, एका खोलीवर. काय गरम केलं? प्लेट, बाजूचं पाणी नाही, म्हणजे खाणं देणारं प्लँक्टन आणि लांबून चालत येणारे शिकारी थंड पाण्यातलेच होते. आम्लता वाढवली का? नाही. हे विचारल्याने प्रयोग लहान होत नाही, तो नक्की काय सांगतो त्याची हद्द कळते.

फोटोंची नावं पहिल्या दिवसापासून नीट ठेवा: जागा, तारीख, ओहोटीची उंची, चौकट नंबर. मूळ फोटो कधी क्रॉप करू नका, कॉपीवर काम करा. ओळखता न आलेला प्राणी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी 2017 पासून इथल्या किनाऱ्यावर फिरतायत, ओळख पटवायला मदत होते. आणि मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, एकदा सगळ्या चौकटींचे फोटो काढून ठेवा, कारण पावसाळ्याच्या लाटांनी कोणते दगड उलटले ते ऑक्टोबरमध्ये परत गेल्यावर त्यावरूनच कळेल, आणि उलटलेल्या दगडावर पहिलं कोण आलंय ते तुम्ही स्वतः लिहाल.